भाग्यश्रीचा रोग
भाग्यश्रीचं वजन चौऱ्याहत्तर किलो, आणि तो आकडा तिच्यापेक्षा सासरच्यांनाच जास्त पाठ होता. नाशिकला कुठल्याही लग्नात कोणीतरी पाठीवर थाप मारून म्हणायचंच, "तब्येत छान सुधारलीय हं!" नणंद यामिनी तर दर रविवारी फोन करून रात्रीचं जेवण सोडायचा आग्रह करायची. भाग्यश्री अधूनमधून सोडायचीही. मग तिच्या नवऱ्याची, कस्टममधल्या सदाशिवची, बदली कोलकात्याला झाली. खिदिरपूरच्या क्वार्टरमध्ये डबे लावताना तिला हायसं वाटलं. इथे कोणी ओळखीचं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या मित्रा मासीमा, म्हणजे मित्रा मावशी, आल्या. तिला आपादमस्तक न्याहाळून त्यांनी तिच्या गालाला हात लावला. "ओ मा! एतो रोगा केनो?"

भाग्यश्रीला बंगाली येत नव्हतं, पण रोग कळायला बंगाली कशाला हवं? गुरुवारी कामवाली तेच म्हणाली. शुक्रवारी साडीच्या दुकानातली बाईही.

"तीन तीन बायकांना दिसतंय, आणि तुम्हाला वीस वर्षांत दिसलं नाही!" ती सदाशिववर उखडली.

"मला तू ठणठणीत दिसतेस."

"तुम्हाला चहात पडलेली माशीसुद्धा दिसत नाही."

तिने सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई वयस्कर, हिंदीत बोलणाऱ्या.

"तक्रार काय?"

"सगळे म्हणतात, मी रोगा आहे."

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अहो, रोगा म्हणजे बारीक! सडपातळ!"

भाग्यश्री खुर्चीत ताठ झाली. हा शब्द तिच्या वाट्याला जन्मात आला नव्हता. "परत एकदा म्हणा ना," ती म्हणाली.

"मी नाही म्हणणार. तुमचं हिमोग्लोबिन नऊ आहे. जिना चढताना धाप लागते?"

"लागते. पण ती वजनामुळे ना? म्हणून तर मी अधूनमधून रात्रीचं जेवण सोडते."

"कोणी सांगितलं? आधी उपाशी राहणं बंद करा."

गोळ्या सुरू झाल्या, पालेभाज्या आणि खजूर सुरू झाले. मासीमा केळफुलाची भाजी पाठवू लागल्या. तीन महिन्यांत ती दोन जिने न थांबता चढू लागली. वजन तेवढंच, किंबहुना किलोभर जास्त.

रविवारी व्हिडिओ कॉलवर यामिनी म्हणाली, "वहिनी, चेहरा फारच भरलाय गं."

"रक्तही भरलंय," भाग्यश्री म्हणाली, आणि तिने सगळी हकिगत सांगितली.

काडीसारखी यामिनी स्क्रीनच्या जवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "धाप तर मलाही लागते. कुठली तपासणी केलीस गं?"