कड होईस्तोर

माणूस भेटला की चिंधीबाई आधी त्याच्या बाहीला हात घालायची. नमस्कार नंतर. कापड चिमटीत धरायची, अंगठ्यानं चोळायची आणि निकाल द्यायची, "सुती आहे. अजून दोन वर्षं चालन. मंग मले दे." वस्तीत मतं मागायला आलेल्या एका उमेदवारालाही तिनं सोडलं नाही. तो हात जोडून उभा, आणि बाई त्याच्या कडक इस्तरीच्या सदऱ्याची बाही चोळून पाहत होती. "टेरिकॉट आहे," ती म्हणाली. "घाम पेत नाई. काही कामाचा नाई." ती सदऱ्याबद्दलच बोलत होती, पण वस्ती आठवडाभर हसत होती.

बल्लारपूरच्या रुळांपलीकडे आमची वस्ती. कोपऱ्यावरचं घर तिचं आणि भाऊंचं. भाऊ म्हणजे तिचा नवरा, कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला. दिवसाला दहा वाक्यं बोलायचे, त्यातली सहा चहाबद्दल. बाईचं खरं नाव बहुतेकांना माहीत नव्हतं, आणि याचा मला फार राग यायचा. मी बाबांच्या युनियनच्या पत्रकांवर वाढलेली पोर. 'कमळ'च्या आधी मला 'कामगार' वाचता आलं. पंधराव्या वर्षी मी तिला जाऊन बजावलं, की हे नाव अपमानाचं आहे, तुम्ही ते खपवून घेऊ नका.

"मंग काय म्हणाचं?" तिनं विचारलं.

"तुमच्या नावानं हाक मारायची."

"माहं नाव राशनच्या कार्डावर आहे, माय. थे तिथी बरं आहे. चिंध्या शिवतो तं चिंधीबाई. तू भाषण करतं, तुले आम्ही लीडर म्हणू. झालं?"

तेव्हापासून मी वस्तीत लीडर झाले. त्या पदावरून मला आजवर कोणी काढलेलं नाही.

तिच्या दारासमोर दोन बाभळीच्या खुंटांना एक तार बांधलेली होती. त्या तारेचा कायदा सगळ्यांना पाठ होता. तारेवर जे टांगलं, ते बाईचं. विटलेलं लुगडं, शाळेचा तोकडा झालेला शर्ट, खाणीतला झिजलेला गणवेश, बाजारातल्या शिंप्याकडच्या कातरणांचं गाठोडं. कोणी टांगलं हे ती विचारायची नाही. सकाळी तार रिकामी करायची, कापड उकळत्या पाण्यात टाकायची आणि दुपारी अंगणात कात्री घेऊन बसायची. त्यातून चुंबळ निघायची, डब्याची पिशवी निघायची, बसायला बसकर, बायकांच्या कमरेला बटवे. पण तिचं खरं काम एकच. वस्तीत लेकरू जन्मलं की त्याला बाईच्या हातचं दुपटं. लहानशी गोधडीच ती, हातभर रुंद, तीन पदरी, बारीक धावदोऱ्यानं भरलेली. घर कोणतंही असो, बाराव्या दिवशी दुपटं पोहोचलेलं असायचं.

का, ते तिनं मला एकदाच सांगितलं, तेही कापड बेतता बेतता. लग्नानंतर ती जिवतीकडच्या एका गावात होती. पहिलं बाळंतपण तिथेच, पावसाळ्यात, बैलबंडीत झालं. दवाखाना लांब राहिला. "लेकराले गुंडाळाले बंडीत काहीच नव्हतं व," ती म्हणाली. मग दात लावून दोरा तोडला आणि पुढचा तुकडा उचलला. त्या विषयावर ती पुन्हा बोलली नाही. दुपटी मात्र थांबली नाहीत.

तिच्या डोळ्यांना जवळचं दिसेना झालं, तेव्हापासून सुया ओवायचं खातं भाऊंकडे आलं. रोज सकाळी चहा झाला की भाऊ वीस सुया ओवून आपल्या जुन्या टोपीत टोचून ठेवायचे. टोपी दुरून साळिंदरासारखी दिसायची. दिवसाकाठी वीस सुया संपल्या की बाईचं काम बंद. एकविसावी मागितली तर भाऊ म्हणायचे, "ड्युटी खतम."

प्रत्येक तुकडा कोणाचा, हे मात्र तिला न पाहता कळायचं. मी शेजारी बसले की बोटानं ओळख करून द्यायची. "हे चामोर्शीच्या माह्या बहिणीचं लुगडं. हे जंगलातल्या गावाहून मोह विकाले येते ना, थ्या बाईचं पोलकं. हा चौदा एप्रिलचा निळा कापड. आणि हा तुह्या बापाचा पायजामा. मीटिंगीत बसून बसून बरोबर बसाच्या जागी फाटला." मला भरून यायचं. एकदा मी म्हणाले, "बाई, ही गोधडी म्हणजे समताच आहे. मी यावर लेख लिहिणार." तिनं सुई थांबवली. "समता-गिमता मले नाई मालूम. हा लाल रंग सोडते, थ्याले पांढऱ्याच्या बाजूले नाई लावाचं. हे लिही." लेख लिहायचा राहून गेला.

मी सतराची असताना आमच्या वस्तीजवळच्या आरोग्य उपकेंद्राला कुलूप लागलं. नर्स बदलून गेली, नवी आली नाही. तीन महिने आम्ही अर्ज देत होतो. शेजारच्या संगीताला नववा लागलेला, पहिल्या वेळचं तिचं बाळ गेलेलं, आणि सर्वांत जवळचा दवाखाना रेल्वेचं फाटक ओलांडून. फाटक एकदा पडलं की कोळशाच्या गाड्या जाईपर्यंत उघडायचं नाही. शेवटी बायकांनी ठरवलं, सोमवारी आरोग्य खात्याच्या कार्यालयावर जायचं. फलक लिहायचं काम लीडरकडे.

मी पांढऱ्या मांजरपाटावर निळ्या रंगानं लिहिलं, 'आमच्या वस्तीला नर्स द्या'. रविवारी सकाळी. अक्षरं अशी उतरली की मीच दोनदा लांबून पाहून आले. रंग वाळायला चांगलं ऊन हवं होतं. आमच्या अंगणात सावली. मी फलक नेऊन बाईच्या तारेवर टाकला आणि घोषणा पाठ करायला घरी गेले.

दुपारी परत आले तेव्हा बाई अंगणात बसली होती, आणि माझ्या फलकाचे चौकोनी तुकडे तिच्या मांडीजवळ नीट रचलेले होते.

मी किंचाळलेच. "बाई! हे काय केलं?"

"काऊन व? लय मस्त मांजरपाट आहे. रंग तेवढा जाड लावला कोणीतरी."

"मी लावला! वाळत घातला होता तो!"

"तारेवर?" तिनं डोळे मोठे केले. "तुह्या घरी दोरी नाई? एवढी शिकली तू, आणि तारेवर वाळत घालतं?"

कायदा मलाही पाठ होता. मी पायरीवर बसून रडायला लागले. तिला वाचता येत नव्हतं. तिनं एक तुकडा माझ्यासमोर धरला. "काय लिहिलं होतं?"

मी सांगितलं. तिनं तुकडा परत ढिगावर ठेवला.

"संगीतासाठीच ना?"

"हो."

"मंग रडून काय राह्यली? अक्षरं लावून दे. मले कोणतं आधी, कोणतं नंतर, नाई समजत."

ती आत गेली आणि संगीताच्या बाळासाठी जोडत आणलेलं दुपटं घेऊन आली. एका दुपट्यावर एवढी अक्षरं मावेनात, म्हणून गाठोड्यातली आणखी तीन शेजारी जोडली. त्यावर मी तुकडे जागेवर मांडले. पाच-सहा बायका आल्या. भाऊंनी ड्युटीचा नियम मोडून सुया ओवल्या. अंधार पडायच्या आत फलक उभा राहिला, पण कडा राहिल्या होत्या. "उद्या पाहू," बाई म्हणाली.

सोमवारी कार्यालयात साहेबांनी व्हरांड्यात येऊन सांगितलं, "प्रस्ताव वर पाठवला आहे. दोन-तीन आठवडे लागतील. निघा आता." मी घोषणा द्यायला मूठ वर केली, तर चिंधीबाई माझ्या हातातला फलक काढून घेत होती. तिनं तो साहेबांच्या दाराशी जमिनीवर अंथरला आणि संगीताला म्हणाली, "बस, माय. पाय लांब कर."

"बाई, त्याच्यावर मागणी लिहिली आहे!" मी कुजबुजले.

"गोधडी आहे थे. अंथरतेच."

मग तीही बसली, भिंतीला टेकून, आणि कड शिवायला लागली.

साहेबांना कळेना. "किती वेळ बसणार आहात तुम्ही?"

"कड होईस्तोर," बाई म्हणाली.

साहेबांनी पाहिलं. चार बाजू, त्यातली वीतभर झालेली. आमच्या वस्तीत चिंधीबाईइतका झरझर हात कोणाचा नव्हता. पण त्या दिवशी ती असे टाके घालत होती, जणू मुंगीचं पोलकं शिवते आहे. बरं, चार टाके घातले की लांब धरून पाहायची, "वाकडा गेला," म्हणायची आणि तीन उसवायची. बारा वाजले, दोन वाजले. डबे उघडले, संगीता आडवी झाली. आत जाणारा प्रत्येक माणूस चपला काढून, भिंत धरून, गोधडीच्या बाजूनं जात होता. तीनच्या सुमाराला साहेब पुन्हा आले. त्यांची नजर कोपऱ्यातल्या भाऊंकडे गेली. भाऊ मांडीवर टोपी ठेवून शांतपणे सुई ओवत होते. टोपीत सतरा सुया बाकी होत्या.

चार वाजता लेखी पत्र मिळालं. नवी नर्स येईपर्यंत दुसऱ्या गावची नर्स आठवड्यातून चार दिवस बसेल, गुरुवारपासून. मी ते मोठ्यानं वाचलं. बाईनं उरलेली कड बस येईपर्यंत पुरी केली.

पुढच्या शुक्रवारी संगीताला मुलगी झाली, नर्सच्या हाती, फाटक न ओलांडता. मला फलक युनियनच्या खोलीत काचेमागे लावायचा होता. बाईनं मला वेड्यात काढलं. तो लेकराच्या अंगाखाली गेला, आणि नंतर वस्तीतल्या प्रत्येक नव्या लेकराच्या.

गेल्या वर्षी बाईला अजिबात दिसेना. धाकटा मुलगा दोघांना चामोर्शीला, आपल्या घरी घेऊन गेला. निघताना बस स्टँडवर तिनं ती गोधडी माझ्या हातात दिली. मी घडी उलगडली. एक बाजू पूर्ण सुटलेली होती.

"बाई, कड उसवली हो."

"उसवली नाई. मी उसवून ठेवली." तिनं माझी बाही चिमटीत धरली, चोळली. "साहेब बदलत राह्यतेत, लीडर. कड लागन."

सुटलेल्या बाजूला एक सुई टोचलेली होती, ओवलेली. भाऊंनी खिडकीतून हात हलवला. "चहा पेत जा," ते म्हणाले.

गेल्या महिन्यात उपकेंद्राला पुन्हा कुलूप लागलं. आम्ही पुन्हा कार्यालयावर गेलो. संगीता आली, तिची आठ वर्षांची मुलगी आली. गोधडी दाराशी अंथरली. मी सुई हातात घेतली. माझा टाका वाकडा जातो, त्यामुळे मुद्दाम उसवायची गरज पडत नाही. नवे साहेब बाहेर आले, चष्मा पुसला आणि विचारलं, "किती वेळ बसणार?"

मी त्यांना कड दाखवली.