सुमतीताईंच्या नावाचा मासा

माणसांची नावं बाई हमखास चुकवायच्या. माझं नाव वर्षा. पण बाई मला कधी वंदना म्हणत, कधी विद्या, आणि घाईत असल्या की नुसतंच "अगं, ही!" मात्र बरणीतली बोटभर मासोळी समोर धरली की तिचं नाव, गाव, ती पहिल्यांदा कोणी शोधली, सगळं धडाधड सांगून मोकळ्या. असं कसं होतं, हे मला कधीच उमगलं नाही.

मुलुंडच्या एका कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत. त्यांचा सगळा जीव मुरी या माशात अडकलेला. मुरी ओढ्याच्या तळाशी, दगडांच्या सांदीत राहते. तोंडाशी मिशा, अंगावर पट्टे. बाईंच्या शोधनिबंधांसाठी मी मुऱ्यांची चित्रं काढून द्यायची. मला सगळ्या मुऱ्या सारख्याच दिसत. पहिलं चित्र घेऊन गेले तर बाई म्हणाल्या, "विद्या, तू मासा काढलायस. मला हा मासा हवाय." मी बरणीकडे बघितलं, चित्राकडे बघितलं. फरक दिसेना. "बघत काय बसलीस? पट्टे मोज," म्हणाल्या.

सह्याद्रीतल्या एका ओढ्यात त्यांना अशी मुरी सापडली, जिचे पट्टे कुठल्याच नोंदलेल्या मुरीशी जुळेनात. नवी जात! लॅटिन नावात त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीचं नाव गुंफलं, सुमती. वडील अकाली गेल्यावर सुमतीताईंनी शाळा सोडली, मरोळच्या औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला लागल्या आणि बाईंना शिकवलं. त्यांचं लग्न राहून गेलं ते गेलंच. मी काढलेलं त्या मुरीचं चित्र ताईंच्या वाकोल्याच्या खोलीत फ्रेम करून लागलं. ताई येईल त्याला सांगत, "माझ्या नावाचा मासा हाय तो. झकास ना?"

पुढे काही वर्षांनी त्याच ओढ्यातल्या मोठ्या मुऱ्या बाईंच्या हाती लागल्या. वयाबरोबर त्यांचे पट्टे तुटून ठिपके झालेले, आणि ठिपक्यांची मुरी तर फार पूर्वीच कुणीतरी नोंदवलेली. बाईंनी डीएनए तपासून घेतला. दोन्ही एकच निघाल्या. नियम असा, की आधीचं नाव खरं.

"म्हणजे ताईंचं नाव जाणार?" मी विचारलं.

"जाणार. मीच तसं लिहून छापायला देणार."

"बाई, पण कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," एवढंच म्हणाल्या आणि चष्मा पुसत राहिल्या. मला त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम.

ताईंना सांगायला त्या मला सोबत घेऊन गेल्या. चहा झाला. बाईंनी पट्टे, ठिपके, नियम, सगळं समजावलं.

"म्हणजे मासा मेला?"

"नाही गं ताई. मासा आहे. नाव बदललं."

"आयुष्यभर लग्न केलं नाही, नाव बदलायची पाळी आली नाही. आता म्हातारपणी माझ्या माशाचं नाव बदलतेस होय गं?"

मला हसू फुटलं आणि ते तिथेच अडकलं, कारण ताई हसत नव्हत्या. बाई चाचरत म्हणाल्या, "तुझं नाव पुसत नाहीत. दुसऱ्या नावाखाली बारीक अक्षरांत कायम राहतं."

"बारीकच राहिले मी," ताई म्हणाल्या आणि कप विसळायला उठल्या.

बाईंनी फ्रेमकडे बघितलं. "ताई, ते आता चूक आहे. काढायला हवं."

मोरीतून आवाज आला, "तुझ्या पुस्तकात चूक. माझ्या भिंतीवर नाय. हात लावशील तर बघ!"

लेख छापून आला. ताई तरीही येईल त्याला आपला मासा दाखवतच राहिल्या. बाई दर रविवारी जात, फ्रेमकडे पाठ करून बसत. दोघींमधली बरोबर कोण, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. ज्या दिवशी जी समोर असे, तीच बरोबर वाटे.

गेल्या वर्षी ताई गेल्या. खोली रिकामी करताना झालेल्या आवराआवरीत ती फ्रेम कुठे गेली, कोणालाच सांगता येईना. महिन्याभराने बाईंचा फोन आला. "ती मुरी पुन्हा काढून देशील? लहानपणची. पट्ट्यांची."

"कुठल्या लेखासाठी?"

"लेख नाही."

"खाली नाव कुठलं घालू?"

मग त्या म्हणाल्या, "नाव नको. जागा सोड."

मी दोन बोटं कोरी जागा सोडून चित्र नेऊन दिलं. ती जागा ताईंसाठी होती, की तिथे कुठलंच नाव लिहिण्याचा धीर बाईंना उरला नव्हता, मला अजून कळलेलं नाही. त्या दिवशी बाईंनी माशाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या कोऱ्या जागेवरून हलकेच बोट फिरवत बसून राहिल्या.