कडी आतून हवी, सर

आज पहाटे वाघमोडे सर गेले. आणि मला सगळ्यात आधी आठवली ती मुलींच्या संडासाची कडी.

हसू नका. म्हणजे हसा. सरही हसलेच असते.

सर आमचे हेडमास्तर. मोडनिंबकडचे. आम्ही नववीत असताना आमच्या शाळेत बदलून आले.

शालेय मंत्रिमंडळ आमच्याकडे आधीपासून होतं. पंधरा ऑगस्टला शपथ, छातीवर बिल्ला, एक ग्रुप फोटो. मग वर्षभर मंत्र्यांनी वर्गात खडू पोचवायचे आणि स्टाफरूमचा चहा सांगून यायचा.
मी आरोग्यमंत्री होते. म्हणजे पोरांची नखं तपासायची.

सरांनी आल्या आल्या विचारलं, "मंत्रिमंडळाची मीटिंग कधी असते?"
आमचा मुख्यमंत्री इरफान. तो म्हणाला, "मीटिंग नसते सर. फोटो असतो."

सर खो खो हसले. आणि दर शनिवारी मीटिंग सुरू केली. स्वतः शेवटच्या बाकावर, गुडघे कसेबसे आत कोंबून बसायचे.

"ही तुमची सभा. मी हितं पाव्हणा. मला बोलायचं झालं तर हात वर करीन. इरफान 'बोला' म्हणला, तरच बोलीन."

आम्हाला वाटलं, नवीन हेडमास्तर असंच बोलतात. चार दिवसांत निवळतील.

पोरांनी काय काय मागितलं! क्रिकेटची मॅट, गॅदरिंगला डीजे, शनिवारी रंगीत कपडे.
मुली गप्प.

मागायला काही नव्हतं असं नाही. आमच्या संडासाच्या दाराला कडी नव्हती. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं. ती दुसरी कधी मिळायची, कधी नाही.
म्हणून आम्ही पाणीच प्यायचो नाही. सोलापूरच्या उन्हात.

माझी बाकावरची मैत्रीण सविता एकदा प्रार्थनेतच चक्कर येऊन पडली. बाई म्हणाल्या, "या पोरी सकाळी खाऊन येत नाहीत."
त्या दिवशी सविता मला म्हणाली, "मी शाळा सोडते. अम्मा पण म्हणतीय, घरी विड्या वळायला बस. तितं संडासाला कडी तरी हाय."

ती चेष्टा करत नव्हती.

त्या शनिवारी मीटिंगमध्ये सरांनी हात वर केला आणि लगेच म्हणाले, "मुली का बोलंनात?"
इरफान चाचरत म्हणाला, "सर... मी अजून 'बोला' म्हणलो नाही की."

आता इरफानचा कान गेला!

सर म्हणाले, "चुकलं." आणि खाली बसले.

अहो, हेडमास्तर खाली बसले! म्हणजे तो नियम खरा होता.

मग मी हात वर केला. घरी आम्ही तेलुगू बोलतो, शाळेत मराठी, आणि लाज दोन्ही भाषांत वाटत होती. तरी बोलले. कडी, पाणी न पिणं, सविताची चक्कर, सगळं. 'संडास' हा शब्द पोरांसमोर, मोठ्याने. मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं. इरफानने टेबलावर डस्टर आपटलं.

सरांनी पुन्हा हात वर केला. या वेळी थांबले.
"बोला, सर."
"मी हितं आल्यापास्नं त्या बाजूला एकदाबी गेलो न्हाय. मला कुणी सांगितलं न्हाय आन् मी इचारलं न्हाय. कडी बसंपर्यंत स्टाफचं बाथरूम पोरींना उघडं करायचं का, तुमी ठरवा."

सगळे हात वर. हसणाऱ्याचासुद्धा.

स्टाफरूम फुगून बसली. सरांचं एकच उत्तर, "सभेत ठरलंय."

आणि लवकरच कडी बसली. नवी कोरी, चकचकीत.
बाहेरून.

शिपाईमामांचं म्हणणं, आत कुत्री शिरतात. सरांनाही ते पटलं! दोन शहाण्या पुरुषांनी मिळून कडी बसवली, आणि आत बसणारीला कुणी विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी मी उभी राहिले. "कडी आतून हवी, सर."

सरांनी भर सभेत स्वतःचे कान पकडले. "आदी इचारायचं, मग खिळा ठोकायचा."

मग तेच त्यांचं ब्रीदवाक्य झालं. पाण्याची टाकी सावलीत हलवताना विचारलं, सायकल स्टँड बांधताना विचारलं. विचारून विचारून पोरांना जीव नकोसा केला.

सविता शाळेत राहिली. आज ती नर्स आहे. सर गेल्याचा फोन तिचाच आला.

गेल्या महिन्यात आम्ही दोघी सरांना भेटायला गेलो होतो, जुळे सोलापूरला, त्यांच्या मुलीकडे. अर्धांगवायूने वाचा गेलेली. ताई सांगत होत्या, बाबांचा पलंग आतल्या खोलीत हलवणार, तिथे गार असतं. आम्हीही माना डोलावल्या. बरं होईल, झोप लागेल, वगैरे.

सर डावा हात वर करून पडले होते. कधीपासून, कोण जाणे.

सविताने पाहिलं. तिचा आवाज एकदम नववीतला झाला.
"बोला, सर."

सरांनी खिडकीकडे बोट दाखवलं. समोर एका शाळेचं मैदान होतं. मधली सुट्टी झाली होती, पोरं नुसती ओरडत होती.

ताई रडायलाच लागल्या. पलंग तिथेच राहिला. आज पहाटेपर्यंत.

सर, सकाळपासून सगळे तुमच्याबद्दल बोलतायत, तुम्हाला न विचारता. मीही त्यातलीच. फार रडू येतंय.

तुम्ही आता हात वर केलात तर आम्हाला दिसणार नाही, याचंच वाईट वाटतंय.

तुमच्या आरोग्यमंत्र्याचा शेवटचा नमस्कार, सर.