दसऱ्याला भरलेली काडतुसं

अमेरिकेतल्या नोव्हायच्या मराठी मंडळात श्रीरंग दामलेचा राग सगळ्यांना पाठ आहे. वय बावन्न, नोकरी गाड्यांच्या ब्रेकचे पार्ट तपासायची, आणि घरी-दारी एकच पालुपद: "सिस्टीमच नाहीये इथे कशाला." पॉटलकमध्ये भाताचा डाव वरणात गेला तरी तो हेच म्हणतो.

हा माणूस हजार यार्डांवर, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटरवर, पालथं झोपून रायफलने नेम धरतो. दुकानातली तयार काडतुसं त्याला चालत नाहीत. तो ती गॅरेजमध्ये स्वतः भरतो. आतली दारू काट्याच्या तराजूवर कणाकणाने तोलायची, वर हाताच्या प्रेसने गोळी दाबायची, आणि भरलेल्या क्रमाने नंबर घालून डब्यात ठेवायची. दारू केसभर जास्त पडली की गोळीचा वेग वाढतो आणि ती टार्गेटवर वर लागते.

चार वर्षं तो राज्याच्या टीममध्ये राखीव होता. यंदा एक जागा रिकामी झाली होती आणि ती शनिवारच्या मॅचवर ठरणार होती. श्रीरंग दोन गुणांनी पुढे होता. मागे होती प्रीता, इथेच जन्मलेली, दातांची डॉक्टर. काडतुसं त्याने गुरुवारी, दसऱ्याची पूजा आटोपल्यावर भरली.

शनिवारी पहिल्या पाच गोळ्या मधोमध लागल्या. सहावी जरा वर. आठवी आणखी वर. पंधराव्या गोळीला तर टार्गेटखालच्या खड्ड्यात बसून गोळी कुठे लागली ते दाखवणाऱ्या लोकांनी खुणेची चकती इतकी सावकाश वर नेली की श्रीरंगला ती वाकुल्या दाखवतेय असं वाटलं.

पंधरा झाल्यावर ब्रेक होता. त्यात त्याने आधी दारूच्या कंपनीला शिव्या दिल्या. मग मित्र संजयला, कारण काडतुसं भरताना त्याने फोन करून टोयोटा घेऊ की होंडा हे चाळीस मिनिटं विचारलं होतं. मग बायकोला फोन लावला. गॅरेजमधला कपड्यांचा ड्रायर तिनेच लावला असणार, त्याने तराजू हलला असणार, या घरात कुणाला कशाचं काही आहे का, असं सगळं एका दमात झालं.

नीलांबरीने ते पूर्ण ऐकून घेतलं. पोळ्या लाटत होती, लाटण्याचा आवाज थांबला नाही.

"तराजूच्या पारड्याला कुंकू कोणी लावलं?" ती म्हणाली.

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी म्हटलं होतं, प्रेसला लाव, पुरे. तू म्हणालास, मुख्य देव हाच. बोट बुडवून लावलंस, ओलं. वर अक्षता."

अक्षता त्याने उचलल्या होत्या. कुंकू पुसायला हात धजावला नव्हता. त्या ओल्या टिळ्यासकट काटा शून्यावर आणला आणि भरायला बसला. शेजारी हीटर चालू. कुंकू वाळत गेलं, खपल्या पडत गेल्या, पारडं हलकं होत गेलं, आणि तेवढी दारू प्रत्येक काडतुसात जास्त जात गेली. कारखान्यात कोणी असं केलं असतं तर श्रीरंगने त्याला सगळ्या शिफ्टसमोर उभा केला असता.

सतरा वर्षांची रुही मागे खुर्चीवर बसली होती. "बाबा, इट्स सो सिंपल. वर जातायत ना? मग खाली एम कर."

"आत किती दारू आहे मला माहीत नाही," तो म्हणाला. "माहीत नसलेलं मी उडवणार नाही."

"बट द टीम..."

"टीम गेली खड्ड्यात."

तो तरातरा वॉल्टकडे नाव मागे घ्यायला गेला. वॉल्ट मॅचचा प्रमुख, बोलताना प्रत्येक शब्द च्युइंगगमसारखा ताणणारा. त्याने विचारलं की कारण काय लिहू, रायफल बिघडली म्हणून टाकू का, सगळे तेच टाकतात. श्रीरंगने पेन हिसकावून स्वतः लिहिलं: चुकीचं वजन, माझ्या हातून.

प्रीता धावत आली. "काका, आय ॲम सो सॉरी."

"सॉरी कशाला? तू तोललीस का माझी दारू? जा, झोप तिकडे, वारा बदलतोय."

क्लबचा नियम असा की प्रत्येक नेमबाजाचे गुण मागे बसून दुसऱ्या नेमबाजाने लिहायचे, आणि प्रीतामागे नाव त्याचंच होतं. तो बसला. ती शांतपणे मारत गेली. दहा. दहा. नऊ. दहा. प्रत्येक आकडा त्याने इतका दाबून लिहिला की कागद फाटला. पेन्सिलीचं टोक मोडलं तेव्हा त्याने रुहीकडे न बघता हात पुढे केला आणि दुसरी मागून घेतली.