उतरता ठेका

आमच्या दीपेशला कुणी लांबून हाक मारली तर तो ओ देत नाही. उठतो, चालत जवळ जातो आणि हळू आवाजात विचारतो, काय म्हणून. घणसोली गावात ही थट्टेची गोष्ट झालीय, कारण आमच्याकडे साधं 'जेवलीस का' विचारलं तरी चार घरांना ऐकू जातं. त्यात हा बँडमध्ये ओरडणारा! हसू देत मेल्यांना. त्यांनी त्याला त्या दिवशी पाहिलं नाही, मी पाहिलं.

मी त्याची थोरली बहीण, अमिता. महाप्याला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, म्हणजे डोकं ठिकाणावर असलेली बाई आहे. आमचे बाबा, धर्मा, रबाळ्याला फिटर होते. पण गावात त्यांची ओळख वेगळी. चैत्रात गावदेवीच्या जत्रेला ढोल त्यांचाच. ठेका चढत गेला की चार-पाच जणांच्या अंगात वारं येतं. तुम्ही माना, नका मानू. मी स्वतः निम्मंच मानते, भीती मात्र पूर्ण वाटते. पण आमच्याकडे एक रीत आहे. वारं चढवलं की तोच ठेका हळूहळू उतरवत न्यायचा, आणि शेवटचा माणूस खाली बसून स्वतःच्या तोंडाने पाणी मागेपर्यंत ढोलावरचा हात काढायचा नाही. एका वर्षी बाबांच्या बोटांतून रक्त आलं, तरी त्यांनी काढला नव्हता.

दीपेश कॉलेजात गेला आणि तिथे त्याला क्षिप्रा आणि निशांत भेटले. दोघंही सेक्टरातल्या टॉवरमधली मुलं. ती गिटार वाजवायची, तो ड्रम्स, आणि आमचं रत्न बेस वाजवत ओरडायचं. पोस्ट-हार्डकोर म्हणतात त्याला. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, हे गाणं आहे की भाडेकरूशी भांडण? पण पोरांनी मेहनत केली, खोटं कशाला बोलू. रबाळ्याला एक बंद पडलेला गाळा भाड्याने घेतला, दर रविवारी तिथे घाम गाळला. बँडचं नाव ठेवलं 'खाजण', आमच्या खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीवरून. वाशीला पहिला कार्यक्रम झाला, मग पुण्याला बोलावणं आलं. क्षिप्रा आमच्याकडे येऊन बोंबलाचं कालवण ओरपायची, तेव्हा मला ती आवडायची. अजूनही आवडते.

मग दीपेशला अवदसा आठवली. त्याने जत्रेत बाबांचा ढोल फोनवर रेकॉर्ड करून निशांतला दिला. पोरगा हुशार, चढता ठेका जसाच्या तसा उचलला. त्यावर त्यांनी 'भरती' नावाचं गाणं बांधलं. ठेका चढत चढत पार टोकाला न्यायचा आणि तिथेच तोडायचा. धाडकन शांतता. लोक हादरतात, म्हणे.

दीपेशने मोठ्या कौतुकाने ते बाबांना ऐकवलं. बाबा शेवटापर्यंत मान हलवत होते. गाणं तुटलं तशी त्यांची मान थांबली. फोन बिघडला असं त्यांना वाटलं असावं. पुढचं कुठाय, त्यांनी विचारलं. पुढचं नाहीच, एवढंच आहे, असं कळल्यावर त्यांनी फोन दीपेशच्या हातात परत ठेवला.

"चढवाला कोनाला बी येतं रं," ते म्हणाले. "उतरवाला मानूस लागतो."

निशांतला त्यांनी घरी यायला सांगितलं, उतरता ठेका शिकवतो म्हणाले. निशांत 'हो काका' म्हणाला आणि आला नाही. शेवट मऊ केला तर गाण्यात उरलं काय, असं त्या तिघांचंही मत. आमच्या शहाण्याचंसुद्धा.

पुण्याच्या कार्यक्रमात 'भरती' पहिल्यांदा वाजलं आणि बँडचं नाव झालं. टी-शर्ट निघाले, बंगळूरहून बोलावणं आलं. पुण्याहून दीपेश परत आला तेव्हा मी काय विचारते ते त्याला दोनदा सांगावं लागत होतं. दमला असेल, म्हटलं. पुढच्या कार्यक्रमानंतर त्याने जीभ चावून घेतली. बंगळूरच्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी ऑफिसातच होते, क्षिप्राचा फोन आला. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला वाटलं अपघात झाला.

"ताई, दीपेश माझ्या शेजारी बसलाय. डोळे उघडे आहेत. पण तो अजून आलेला नाही."

तासाभराने तो बोलायला लागला म्हणे, पण तो तास त्याला आठवतच नव्हता. मी त्याला दोन डॉक्टरांकडे नेलं. डोक्याचा फोटो काढला, गळा तपासला, सगळं नॉर्मल. स्ट्रेस आहे, झोप घ्या. घरात मी आकांडतांडव केलं, ते गाणं बंद कर म्हटलं. तो म्हणाला, लोक तेच ऐकायला येतात. आणि खाली बघून म्हणाला, ओरडताना मधेच कळतं की आता मी ओरडत नाहीये. तरी त्याने महाप्याचा कार्यक्रम घेतला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

महाप्याला एका रिकाम्या गोदामात कार्यक्रम होता. मी बाबांना घेऊन गेले. 'भरती' सुरू झालं, ठेका चढला, दीपेशची मान मागे गेली. निशांतने नेमक्या जागी काठ्या उचलल्या. सगळं थांबलं. दीपेश थांबला नाही.

माईक स्टँडसकट आडवा पडला होता. तरी तो ओरडत होता, आणि तो आवाज त्याचा नव्हता. आधी लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. मग त्याच्या ओठांतून रक्त दिसलं आणि सगळे मागे सरकले. मी स्टेजवर चढून त्याला धरलं. तो माझ्याकडे बघत होता, पण मी कुणीतरी परकी बाई असल्यासारखा. निशांत काठ्या छातीशी धरून उभाच. बाबांनी त्याला बाजूला केलं, सगळ्यात मोठा ड्रम ओढला आणि हातानेच सुरुवात केली. दीपेशचा श्वास जिथे होता तिथे आधी ठेका नेला, आणि मग उतरवायला घेतला. इतका हळू की वाटावं काही होतच नाहीये. गोदाम रिकामं झालं, दिवे लागले, बाबांचा हात चालूच. शेवटी दीपेश गुडघ्यावर बसला. पाणी म्हणाला. मी रडले, अगदी गळा काढून रडले.

क्षिप्राने तिथेच गिटारची वायर काढून गुंडाळली. यापुढे 'खाजण' नाही, म्हणाली. निशांत चिडला, एका गाण्यापायी बँड मोडतेस म्हणाला. ती गिटार खांद्याला लावून निघून गेली. बँड असा मोडला. नेटवर लोकांनी भांडणाच्या कहाण्या रचल्या. भांडण नव्हतं, ती पोरगी घाबरली होती. मी तिला नाव ठेवणार नाही.

दीपेशला महाप्यात डेटा एण्ट्रीचं काम लागलं. तेव्हापासून तो आवाज चढवत नाही. पण आम्हांला धीर होता तो बाबांचा, आणि दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. त्या रात्री दीपेशने मला एकच विचारलं, आता मला कोण उतरवणार? मी विषय बदलला.

यंदा जत्रेला बेंजो पार्टी बोलावली. पालखी निघायच्या आधी दीपेश आपणहून आतल्या खोलीत गेला आणि बाहेरून कडी घाल म्हणाला. घातली. दाराशी पाट घेऊन बसले. बाबा खाटेवर. भर उन्हाचा ढोल सुरू झाला, आणि पार्टीवाल्यांनीही बाबांचाच चढता ठेका उचलला होता. पालखी आमच्या आळीत आली. ठेका टोकाला गेला. आणि थांबला. त्यांना कोपरखैरण्याला दुसरी सुपारी होती, टेम्पो उभाच होता.

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग तो श्वास, महाप्याच्या गोदामात ऐकलेला.

आमच्यात बायका ढोलाला हात लावत नाहीत. पण दार म्हणजे काही ढोल नाही. मी दोन्ही तळव्यांनी दारावर वाजवायला घेतलं, लहानपणापासून कानात होतं तसं. चुकत होते, घाईत होते. तेवढ्यात खाटेची कड वाजली. बाबा डाव्या हाताची बोटं आपटत होते. हळू, अजून हळू. त्यांच्याकडे बघत मी ठेका सांभाळला. तळवे लाल झाले, मग बधिर. आतला श्वास खाली येतोय असं वाटायचं आणि परत चढायचा. शेवटी मला राहवलं नाही.

"दीपेश, पानी देऊ?"

तो सरपटत दाराशी आल्याचं ऐकू आलं. मग अगदी दाराला तोंड लावून, हळू आवाजात,

"आजून नको, ताय. हात नको काढू."