डाव्या हाताचा प्रबंध

बरकतपुऱ्याच्या रेणू सोळंकेनं पीएचडीचा इंग्रजी प्रबंध लिहायला घेतला होता, तेवढ्यात तारनाक्याच्या उतारावर तिची स्कूटी घसरली. उजवं मनगट मोडलं, शिवाय हाताची नस दुखावली. प्लास्टर निघालं तरी बोटांत जोर येईना.

"नक्को गं आता," आई सुशीलाबाई म्हणाल्या. "आधी हात बरा होऊ दे. डिग्री कुठं पळून जाते?"

"मुदत पळून जाते ना, आई." असं म्हणून रेणू डाव्या हातानं टाइप करायला बसली.

रक्तातल्या एका प्रथिनाला औषधं कशी चिकटतात, हा तिचा विषय. त्या प्रथिनाचं नाव लांबलचक, म्हणून सगळे एचएसए अशी तीनच अक्षरं लिहितात. प्रबंधात ती पानोपानी होती. डावा हात सारखा चुकायचा, पण कॉम्प्युटर चुका आपोआप दुरुस्त करायचा. तेवढाच आधार. नजर कीबोर्डवर ठेवून तिनं एक आख्खं प्रकरण संपवलं आणि मार्गदर्शक प्रियदर्शिनी मॅडमना पाठवलं.

मॅडमनी बोलावून घेतलं. "रेणू, तुझं प्रथिन गेलं कुठं?"

एचएसएच्या जागी सगळीकडे एच-ए-एस, म्हणजे इंग्रजी 'हॅज', झालं होतं. कॉम्प्युटरला वाटलं, हिची बोटं मागंपुढं पडली. 'हॅज' हा खराच शब्द, त्यामुळे खाली लाल रेघही नाही. आकृत्यांच्या तिसऱ्या भागाला कंसात सी लिहिला होता, तिथं कॉपीराइटचं गोल चिन्ह येऊन बसलं होतं.

मॅडम रागावल्या नाहीत. "मुदतवाढीचा अर्ज करू या का?" एवढंच त्यांनी हळू आवाजात विचारलं. तेच रेणूला लागलं. जिन्यात उभी राहून ती पोटभर रडली.

"ऑटोकरेक्ट बंदच करून टाक. हौला हाय ते, येडं नुसतं," प्रयोगशाळेतला किशोर म्हणाला. तिनं बंद केलं. मग पान लाल रेघांनी भरलं, एकेका शब्दाला दोनदा झटायचं. खांदा भरून आला.

शेवटी तिनं ते पुन्हा चालू केलं, आणि आजवर कधी न पाहिलेली त्याची यादी उघडली. डावीकडे चुकीचा शब्द, उजवीकडे दुरुस्त. एचएसएसमोर 'हॅज' होतंच. ते काढून टाकलं. कंसातला सीही सोडवला. मग यादीतल्या रिकाम्या चौकटीकडे बघताना तिच्या मनात आलं, हे माझ्या अक्षरांचं भलतंच करतं, तर मी सांगेन ते का नाही करणार?

तिनं डावीकडे 'एक्सएस' लिहिलं आणि उजवीकडे प्रयोगातल्या यंत्राचं लांबलचक नाव, 'स्पेक्ट्रोफोटोमीटर'. कोऱ्या पानावर एक्सएस टाइप करून स्पेस दाबली. पूर्ण शब्द उमटला! ती इतक्या मोठ्यानं हसली की सुशीलाबाई कणकेच्या हातानं धावत आल्या.

"आई, दोन अक्षरं मी लिहायची, बाकीचं हे लिहितं!"

"मग आधीच का नाही सांगितलंस त्याला?"

अवघड शब्दांना तिनं अशाच खुणा दिल्या. प्रत्येक खूण एक्सनंच सुरू होणारी, म्हणजे खऱ्या संक्षेपाशी गल्लत नको. प्रकरण नव्यानं तपासून दिलं, पुढची लिहिली, आणि अर्ज न करता प्रबंध मुदतीत गेला. मॅडमनी तिच्याकडून ती यादी आपल्याही कॉम्प्युटरवर घालून घेतली.

आज रेणू हिमायतनगरच्या एका कॉलेजात शिकवते. उजव्या हाताच्या तीन बोटांत जोर परतला आहे, फळ्यावर मात्र डाव्यानंच लिहिते. ओळ वर चढत जाते, मुली हसतात, आणि तीही हसत पुसून पुन्हा लिहिते.