ताणलेला शब्द

"बोट ठेव." आमच्या मॅडमचं हे ठरलेलं वाक्य. सरकारला अमुक करता येतं असं कुणी म्हणालं, की त्या संविधानाची प्रत त्याच्यासमोर सरकवायच्या. बोट पानावर नुसतंच फिरत राहिलं, तर सरकारला तो अधिकार नाही, असं समजायचं.

शहरातल्या गारखेड्यात त्यांच्या हाताखाली मी वकिली शिकलो. चहात थोडी साखर टाका म्हटलं, तरी थोडी म्हणजे किती, असं विचारायच्या. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच. त्यांच्या वडिलांनी त्यांना वाचायला शिकवलं ते संविधानावरच. सैल वाचलं की बळकटाचं फावतं, असं ते सांगत. वरच्या कोर्टांनी शब्दांचे अर्थ रुंद केलेले मॅडमना ठाऊक होते, पण पटत नव्हते.

एकदा गंगापूरकडच्या एका वस्तीतल्या बाया आल्या. नळ गावापर्यंत आला होता, वस्तीत नव्हता. पाण्याचा हक्क असा शब्दच पुस्तकात नाही, म्हणून मॅडमनी दोनदा नकार दिला. तिसऱ्या वेळी त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "जगायचा हक्क लिवलाय नव्हं? मंग पाण्याबिगर जगायचं कसं, ते बी सांगा."

मॅडमनी केस घेतली. कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, कोणत्या शब्दाच्या आधारे मागता? मॅडमनी 'जीवित' या शब्दावर बोट ठेवलं आणि पाणी यातच आहे, असं सांगितलं. आम्ही जिंकलो. बायांनी पेढे आणले. मॅडमच्या हातातला पेढा तसाच राहिला.

"आज मी शब्द ताणला," त्या म्हणाल्या. "उद्या सरकार ताणील."

दोन उन्हाळ्यांनी कन्नडकडचा एक शेतकरी आला. टँकर भरायला सरकारनं त्याची विहीर ताब्यात घेतली होती. आदेशात एकाही कायद्याचं कलम नव्हतं. आधार म्हणून मॅडमनी जिंकलेल्या त्या केसचाच निकाल जोडला होता.

त्यांनी ती केसही घेतली. पाणी देणं हे सरकारचं कर्तव्य आहे, त्यातून वाटेल ते उचलून न्यायचा अधिकार निघत नाही, असं त्या तळमळून मांडत राहिल्या. समोरच्या वकिलानं त्यांचाच जुना युक्तिवाद वाचून दाखवला. शेवटी निकाल अर्धामुर्धा लागला : घरापुरतं आणि गुरांपुरतं पाणी शेतकऱ्याला, बाकीचं टँकरला. त्याची मोसंबीची बाग वाळली.

ती बाग पाहून आम्ही एसटीनं परतत होतो. मॅडम पुन्हापुन्हा बसायची जागा बदलत होत्या. अचानक म्हणाल्या, "मी चुकले कधी? तेव्हा की आता?"

कधीच नाही, असं मी म्हणालो.

"गुळमुळीत बोलू नकोस," त्या म्हणाल्या, आणि शहर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

त्यानंतर त्यांची झोप उडाली. जुने निकाल काढून पुन्हापुन्हा वाचायच्या. त्या हिवाळ्यात आजारी पडल्या आणि गेल्या.

घरी भेटायला लोक येत होते. वस्तीतली ती म्हातारी आली, तेव्हा सतरंजीवर तो शेतकरी आधीच बसला होता. कुठल्या गावच्या, असं त्यानं विचारलं.

"गंगापूरकडची. मॅडमनी आमच्या वस्तीत पाणी आणलं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला मान वर करवेना. मग तो थोडा बाजूला सरकला आणि म्हणाला, "बसा आज्जी, इथं टेकायला भिंत हाय."